कढईचा हिशेब

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की मिरजेतल्या आमच्या मंडळाच्या बायका एकमेकींना एकच प्रश्न विचारू लागतात: तांदूळ धुतले का? चकलीच्या भाजणीचे तांदूळ. ते धुऊन, पंचावर पसरून, सावलीत खडखडीत वाळवायचे. मग चार भाग तांदूळ, दोन भाग हरभऱ्याची डाळ, मुगाची आणि उडदाची एकेक भाग, वर धने-जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाची आच सोसण्याची ताकद वेगळी. सगळं एकदम कढईत घातलं तर उडीद करपतो आणि हरभरा कच्चा राहतो. डाळ भाजली गेल्याचं नाकाला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. गिरणीवाले दादा आमचं दळण रात्री सगळ्यात शेवटी घेतात, घाई नको म्हणून. ते गरम पीठ डब्यात भरून घरी नेताना ज्या गल्लीतून जावं त्या गल्लीतलं कुणीतरी दारात येऊन विचारतंच, "सुरू झालं का यंदाचं?"

विकायच्या दिवाळी फराळाचं आमचं काम सुरू होतं ते एका कार्यालयाच्या तळमजल्यावर. मालक त्या दिवसांचं भाडं घेत नाहीत. दोन मोठ्या शेगड्या, दोन कढया, सोरे ज्यांच्या त्यांच्या घरचे, पितळेचे, पिढ्यांचे. उकळत्या पाण्यात मोहन, तिखट, मीठ, तीळ, ओवा. त्यात भाजणी घालून झाकण ठेवायचं आणि उकड कोमट झाली की मळायची. मोहन जास्त झालं तर चकली तेलात हसते, कमी झालं तर दाताला लागते. हे प्रमाण कितीही नेमकं लिहून ठेवलं तरी पहिला घाणा होईपर्यंत सगळ्यांचा जीव कढईत असतो. तेलावरचे बुडबुडे हळूहळू शांत होतात, झाऱ्यावर चकली येते, कुणीतरी ती मोडून बघतं, आणि मोडल्याचा आवाज नीट आला की मगच बायका बोलायला लागतात.

मग बोलणं थांबतच नाही. एकीकडे बेसन भाजलं जातंय, दुसरीकडे रव्याच्या लाडवांचा एकतारी पाक दोन बोटांत धरून पाहिला जातोय. अनारशांच्या ऑर्डरी आम्ही मोजक्याच घेतो. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गुळात कालवून पीठ मुरवत ठेवायचं आणि तरी कढईत गेल्यावर त्याला जाळी पडेल की तो विरघळून जाईल हे त्याचं तोच ठरवणार. ते काम फक्त एका मावशींकडे असतं आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

आणि भडंग. सांगली-जयसिंगपूरच्या या पट्ट्यात भडंगाशिवाय फराळ पुरा होत नाही. पातळ पोह्यांचा चिवडा साऱ्या महाराष्ट्रात होतो. आमच्याकडे चुरमुरे लागतात. तेलात ठेचलेला लसूण परतायचा, शेंगदाणे, कढीपत्ता, मग तिखट, मीठ, मेतकूट, आणि विस्तव बंद करून मोठ्या परातीत दोन्ही हातांनी खालीवर. हे हातानंच करावं लागतं. झाऱ्यानं केलं तर चुरमुरा मोडतो आणि मसाला तळाशी बसतो. संध्याकाळी घरी गेल्यावर हाताला येणारा लसणाचा आणि मेतकुटाचा तो वास मला दिवाळीच्या उटण्याइतकाच दिवाळीचा वाटतो.

घेणारे बरेचसे ठरलेले. मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळुरूला, नात जर्मनीत. त्यांच्यासाठी डबे भरून घेणारी वयस्कर मंडळी. बँकेतले, शाळांतले लोक एकत्र ऑर्डर देतात. कुणी दर्ग्याच्या बाजूच्या गल्लीतून येतं, कुणी ब्राह्मणपुरीतून. पैसे देतात, पावती घेतात, पाकीट हलवून वजनाचा अंदाज घेतात आणि जातात. त्यांतल्या बहुतेकांना माहीत असतं की हा पैसा पुढे कुठे जाणार. पण तो तिकडे जाणार आहे म्हणून कुणी गोड मानून घेत नाही. चकली मऊ निघाली तर दुसऱ्या दिवशी सांगायला येतात, आणि ते तसंच असावं.

हा पैसा जातो दवाखान्यांच्या दारात, रात्रीच्या जेवणाला.

मिरज हे आजाऱ्यांना ठाऊक असलेलं गाव आहे. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे मिशनचं रुग्णालय उभं केलं, आणि तेव्हापासून सव्वाशेहून जास्त वर्षं लांबलांबचे लोक बरं व्हायला इथे येत राहिले. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. रेल्वेचं जंक्शन असल्यानं पुण्याकडून, बेळगावकडून, पंढरपूरच्या बाजूनं, कोल्हापूरहून गाड्या इथे येतात. फलाटावर पाऊल ठेवलं की चादरीत गुंडाळलेला माणूस आणि त्याला दोन्हीकडून धरलेले दोघं असे दिसतातच. या गावाला सतारीचा, तंबोऱ्याचा नाद आहे हे पाहुण्यांना आपण हौसेनं सांगतो. औषधाच्या दुकानासमोर रात्री अकरा वाजता चिठ्ठी हातात घेऊन उभी असलेली माणसं हेही हेच गाव आहे.

आत झोपलेल्या रुग्णाला सरकारी रुग्णालयात जेवण मिळतं. त्याच्याबरोबर आलेल्याचं काय? तो खाटेखाली चटई सरकवून किंवा बाहेर झाडाखाली पिशवी उशाला घेऊन पडलेला असतो. त्याच्या खिशात असतात ते पैसे गोळ्यांचे, सलाईनचे, परतीच्या गाडीभाड्याचे. त्यातून उरले तर स्वतःचे. त्याला विचारलं, "जेवलात का?" तर तो म्हणतो, "झालं की." सगळे हेच म्हणतात. सकाळपासून चहा आणि बिस्किटाचा एक पुडा एवढंच पोटात असलेला माणूससुद्धा हेच म्हणतो, आणि ते इतक्या सहज म्हणतो की ऐकणाऱ्याला ते खरं मानून पुढे जाणं फार सोपं असतं. आमच्यापैकी काहीजणी पुढे गेल्या नाहीत, इतकंच या कामाचं मूळ आहे.

दुपारची सोय २०२० सालापासून बरीच झाली. त्या वर्षी २६ जानेवारीला शिवभोजन थाळी सुरू झाली: दहा रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण-भात. गरिबाच्या जेवणाला सरकारनं ताट मांडलं, त्याला दर लावला आणि ते भिक्षा म्हणून वाढलं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण ती दुपार होती. दवाखान्यात माणूस सर्वांत एकटा असतो तो दिवे लागल्यावर. भेटायला आलेले परतलेले असतात, डॉक्टरांची फेरी उद्या सकाळी, आणि रात्र लांब.

म्हणून आम्ही रात्र घेतली. ज्वारीची भाकरी किंवा पोळी, मटकीची नाहीतर चवळीची उसळ, आमटी-भात. भाकरी हवीच, कारण अथणी-जमखंडीकडचा किंवा जतचा माणूस पोळीनं जेवल्यासारखा होत नाही. वाढणाऱ्या बायकांना कामापुरतं कानडी येतं. "ऊटा आतेन्री?", जेवण झालं का, असं त्याच्या बोलीत विचारलं की "झालं" म्हणायला तो अर्धा क्षण थांबतो, आणि तेवढ्यात ताट पुढे करता येतं.

ताटाबरोबर कागदांचंही काम असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, शिधापत्रिका गावी राहिली असेल तर ती कुणाकडून आणवायची, धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात हे कुणाला आणि कुठे जाऊन सांगायचं. ही खाटांची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ सालापासून चालू आहे. विनवण्या करून, हातापाया पडून जे मागितलं जातं ते मुळात हक्काचं असतं, हे पुष्कळांना आमच्याकडे जेवता जेवताच पहिल्यांदा कळतं. आमच्या एक ताई न्यायालयात नोकरीला होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी चकल्या पाडायला साफ नकार दिला आणि हे काम अंगावर घेतलं. त्यांच्या पिशवीत अर्ज असतात, पेन असतं, शिक्क्याची शाई असते. मला वाटतं, आमच्या सगळ्या फराळाहून त्या पिशवीनं जास्त माणसं सावरली आहेत.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट सांगायची तर ती पैशाच्या या प्रवासाची आहे. दान म्हटलं की दोन हात डोळ्यांपुढे येतात, एक वरचा आणि एक खालचा. खालच्या हाताला वरचा विसरता येत नाही. इथे तसं होत नाही. ज्यानं चकली विकत घेतली त्याला त्याच्या पैशांची चकली मिळाली; आपण काही दिलं असं त्याला वाटत नाही. जिनं तळली तिनं पैसे दिले नाहीत. जो जेवला त्याला कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागलं नाही, कारण ज्यांच्या पैशांतून भाकरी झाली ते त्या वेळी आपापल्या घरी टीव्हीपुढे भडंग खात असतात. पैशाचं अन्न झालं, अन्नाचा पैसा झाला, आणि त्या पैशाचं पुन्हा अन्न झालं. या उलटापालटीत देणाऱ्याचं नाव पुसलं जातं. वर्गणीच्या पावतीपुस्तकात नाव राहतं. कढई नाव ठेवत नाही.

अथणीकडचा एक शेतकरी आईच्या ऑपरेशनसाठी इथे आला होता. बरेच दिवस रात्री आमच्याकडे जेवला. पुढच्या दिवाळीत तो कार्यालयात आला. आई बरी आहे म्हणाला, आणि मग भडंगाचा भाव विचारला. भाव ऐकून थोडा कमी करा म्हणाला. आमच्या वहिनींनी केला नाही. त्यानं एकदा परातीकडे पाहिलं, हातावर चार दाणे घेऊन चव घेतली, आणि दोन किलो बांधून घेतलं. तो गेल्यावर एकीला वाटलं की त्याला कमी करून द्यायला हवं होतं. मला तसं वाटलं नाही. तो घासाघीस करायला आला यात मला फार आनंद होता. ज्याला उपकाराची आठवण जड झाली असती तो एकतर आलाच नसता किंवा मागेल तो भाव देऊन गेला असता. तो गिऱ्हाईक म्हणून आला आणि गिऱ्हाईक म्हणून गेला.

आपल्याकडे अन्नदानाची परंपरा मोठी आहे असं आपण अभिमानानं म्हणतो. तिच्यात जेवणाऱ्याच्या मनाचा विचार किती होता हेही पाहायला हवं. माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्यांच्या आठवणी मराठीत पुष्कळ आहेत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कोणत्या घरी पानात काय पडतं आणि कोणत्या घरी काय बोलून पडतं हे त्या मुलांना आयुष्यभर विसरता आलं नाही. त्या घरांनी मुलं जगवली हे खरंच. पण भाकरीबरोबर दिलेला शब्द भाकरी पचली तरी पचत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे फार खोलवर ओळखलं होतं असं मला वाटतं. ते आमच्याच बाजूचे, हातकणंगल्याजवळच्या कुंभोजला १८८७चा जन्म. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात एकत्र ठेवली. ही मुलं जेवणार काय? त्यासाठी मुष्टिफंड निघाला. घरोघरच्या बायकांनी धान्यातून एकेक मूठ बाजूला काढून ठेवायची. ती कुणा एका मुलाच्या ताटासाठी नव्हती. सगळ्या मुठी एका कोठीत मिसळायच्या आणि तिथून सगळ्या मुलांचं जेवण व्हायचं. कुणाच्या ज्वारीनं कुणाचं पोट भरलं हे कोणाला सांगता आलं नसतं. आणि मुलं स्वतः राबायची, कामं करायची, त्यामुळे त्यांनाही मान वर ठेवता आली. कोठी रिकामी झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्यांच्या त्यागाचं आपण कौतुक करतो, पण वसतिगृहाच्या चुलीपुढे त्यांनी वर्षानुवर्षं काढलेल्या पहाटा कुणी मोजल्या नाहीत.

गाडगेबाबांची रीतही याच अंगाची. गावात आले की आधी खराटा, मग भाकरी. ज्या अंगणात जेवायचं ते आधी झाडून काढलेलं. आणि जिथे त्यांनी लोकांच्या पैशांतून काही उभारलं तिथे धर्मशाळा उभारल्या, म्हणजे वाटेत अडकलेल्या, घरापासून तुटलेल्या माणसांसाठी छप्पर. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची जी धर्मशाळा आहे तिथे आज कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांच्याबरोबरची माणसं उपचार चालू असेपर्यंत राहतात. रुग्णाबरोबर आलेल्यालाही पोट आणि पाठ असते, हे ज्यांना उमगलं त्यांच्यात हा माणूस अग्रभागी आहे.

घेणाऱ्याचं तोंड न पाहता कसं द्यायचं हे या गावानंही एकदा सर्वांना दाखवून दिलं होतं. एप्रिल २०१६मध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नाही तेव्हा कृष्णेचं पाणी मिरजेच्या स्थानकातून रेल्वेनं गेलं. पहिली गाडी १० वाघिणींची, ५ लाख लिटरची. नंतर ५० वाघिणींच्या गाड्या जाऊ लागल्या. त्या दिवसांत स्थानकाच्या बाजूनं जाताना वाघिणी भरतानाचा घरघराट ऐकून उगाच थांबावंसं वाटायचं. तीनशेहून जास्त किलोमीटरवर कुणीतरी ते पाणी घागरीत भरणार होतं, आणि त्यानं आपल्याला कधी भेटण्याची गरज नव्हती. तीन वर्षांनी, २०१९च्या ऑगस्टमध्ये, तीच कृष्णा सांगलीत शिरली आणि आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा आजूबाजूच्या गावांतून कापडात बांधलेल्या भाकऱ्यांच्या चळती आल्या. त्या कुणी थापल्या हे आजही आम्हाला माहीत नाही.

मात्र एका गोष्टीवर मंडळात माझं आणि इतरांचं जमत नाही, आणि ती मला इथे मांडायचीच आहे. फराळाचा भाव ठरवताना आम्ही डाळ धरतो, तेल धरतो, गॅस, गिरणी, पाकिटं धरतो. कामाचे तास धरत नाही. सगळ्याच घरच्या बायका, सगळ्याच आपल्या मनानं आलेल्या, मग मजुरी कसली? विषय काढला की आमच्या आक्का, ज्यांनी मंडळाची पहिली कढई आपल्या घरून आणली, त्या म्हणतात, "देवाच्या दारात केलेल्याचा हिशेब मागतेस होय?" आक्कांपुढे मी फार बोलत नाही. पण माझं मन मानत नाही. पैसे वाटून घ्यायला नकोत. तास मात्र वहीत लिहायला हवेत. बाईच्या हातचं ते फुकटचं, हा समज घरातून निघतो आणि सेवेच्या दारातही तिच्या मागोमाग येतो. तेलाचा थेंबन्‌थेंब मोजणाऱ्या वहीत तिच्या पाठीचं दुखणं कुठेच नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

मुंबईत हे बायकांनी फार पूर्वी ताडलं होतं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. पुढे तेच लिज्जत झालं, आणि लाटणारी प्रत्येक बाई तिथे भागीदार मानली गेली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी कामगारांचे डबे करून घर चालवणाऱ्या, सावकाराच्या व्याजात पिचलेल्या त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, कारण त्यांचा स्वयंपाक हा धंदा आहे हे कुणीतरी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. पोळी लाटणं हे काम आहे, आणि कामाला मोल असतं, हे त्यांनी सिद्ध केलं. आमचं मंडळ तसं नाही, आमच्यापैकी बहुतेकींच्या घरी पेन्शन आहे. पण रोज रात्रीच्या भाकऱ्या थापायला येणाऱ्या दोघी आहेत. एकीचा नवरा गेलेला, दुसरीची मुलगी नर्सिंगला. त्यांना आम्ही साडी देत होतो, दिवाळीचा डबा देत होतो, मुलीच्या फीला मदत करत होतो. हे सगळं मायेनं. पण मदत आणि मजुरी यांत फरक आहे, आणि तो फरक त्या दोघींना आमच्यापेक्षा नीट कळत होता. त्या कधी काही बोलल्या नाहीत, पण साडी घेताना त्यांची नजर ज्या तऱ्हेनं खाली जायची ती मला पाहवत नव्हती. खालचा हात आमच्याच स्वयंपाकघरात होता.

गेल्या गणपतीनंतरच्या बैठकीत यावर पुष्कळ बोलणं झालं. कुणी म्हणालं, पैसे दिले तर सेवा राहणार नाही. कुणी म्हणालं, रात्रीची ताटं कमी होतील. ताईंनी किमान वेतनाचा कागदच पुढे ठेवला. आक्का बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तासाचं काय ते तुमचं तुम्ही बघा. पण त्या दोघींचं पैशानं द्या. पाकिटात घालून नको, पगार म्हणून द्या." तासांच्या रकान्यावर अजून एकमत नाही. वहिनींनी तो वहीत पेन्सिलीनं आखून ठेवला आहे.

दोघींची मजुरी यंदापासून फराळाच्या भावात धरली आहे, आणि भावपत्रकावर तसं छापलंही आहे. भडंग त्यामुळे किलोमागे थोडं महागलं. दोघातिघांनी कारण विचारलं, पत्रक वाचलं आणि ऑर्डर लिहून दिली. एकीनं चकलीची ऑर्डर अर्धी केली. तिचं घरही पेन्शनवर चालतं, तिचं चूक म्हणता येणार नाही. ऑर्डरी वसुबारसेपर्यंत घेतो. अनारशांच्या घेणं बंद झालं आहे.